दुसरी

थोरली घरीच राहील.
तिचा भोपळा दाराच्या चौकटीत मावत नाही,
आणि मागल्या वर्षी कुरखेड्याच्या बसमध्ये
कुणाचं तरी तांदळाचं पोतं तिच्यावर कललं
तेव्हापासून खर्जाला बारीकशी खरखर आहे.
ती मी कुणाला सांगत नाही.

म्हणून वडशाला आले, फागोजी पिलाऱ्यांकडे.
नाटकांचा हंगाम संपलेला.
कंपन्यांचे ऑर्गन भिंतीशी ओळीनं,
पोटं उघडी, भाते सुटलेले.
त्यांच्यासमोर बाजेवर त्यांनी मांडल्या
तीन लहान तंबोऱ्या,
मुली दाखवायला बसवाव्यात तशा.
"पाहा जी. घाई नाही."

पहिली देखणी.
हस्तिदंती वेलबुट्टी, लाखेची चमक, तोंड दिसावं इतकी.
छेडली, तर आवाज स्टीलच्या डब्याचा:
झाकण पडून गेल्यावरही
डबा बराच वेळ स्वतःशी बोलत राहतो, तसा.

दुसरीचा आवाज मोठा.
अंगणातल्या कोंबड्यांनी माना वर केल्या.
तिच्यासोबत गाणं म्हणजे
मोठ्या जावेसोबत स्वयंपाक.
सगळं वेळेवर, सगळं चवदार,
आपण मात्र कुठेच नाही.

तिसरीला भोपळाच नव्हता.
चपटी, पोळपाटासारखी पाठ, सागवानाची.
"आलापल्लीचं लाकूड," फागोजी म्हणाले,
"कोन्या साहेबाचा टेबल होता.
खराब नव्हता झाला,
बसून बसून कंटाळला होता."
छेडली. आवाज होता,
पण दार अर्धं लोटून कुणी बोलावं, तेवढाच.
ठेवली खाली.

पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी.
मागे राईस मिल सुरू झाली
आणि माझी काळी चार तिच्या घरघरीत बुडाली.
मी पर्समध्ये पैसे मोजल्यासारखं केलं.

फागोजी उठले. चष्मा कपाळावर.
सुनेच्या टोपलीतून कोशाचा धागा ओढला,
दातानं तोडला,
तिसरीच्या घोडीवर तारेखाली सरकवला.
केसभर.
थांबले. मिलकडे रागानं पाहिलं.
अजून अर्धा केस.
"आता."

आवाज मोठा झाला नाही.
दाट झाला.
रात्रभर काही ऐकू येत नाही, आणि पहाटे
मोहाखाली पाऊल टाकायला जागा नसते, तसा.
मांडीला आधी कळलं.
कान मागून आले.

मी गायले नाही. नुसता सा लावला,
तोही निम्म्यावर सोडला.
उरलेला तिनं धरून ठेवला होता.

"खुंट्या सुटतील का प्रवासात?"
"सुटतील. खडू लावा.
आश्रमशाळेत खडू तं असते ना जी?"
असतो. पेटीभर असतो.
पंखा नसतो, पेटीवाला नसतो,
चौथीतल्या एकवीस पोरी असतात
ज्यांना मी दोन वर्षं टेबलावर बोटं आपटून
सूर समजावते आहे.

स्वस्त होती म्हणून घेतली,
असं सांगेन घरी.
थोरलीसमोर तर काहीच सांगणार नाही,
गवसणी झटकून, तिलाच आधी जुळवीन.

कोरचीची शेवटची बस.
मांडीवर जुन्या गोधडीची पिशवी.
सतीनदीच्या पुलावर सांध्यामागून सांधा आला
आणि आतल्या आत ती आपणहून सुरू झाली,
ना इंजिनाच्या सुरात, ना माझ्या,
वाटेत उतरलेल्या, ढिल्या कुठल्याशा सुरात.
गप्प करावं म्हणून हात ठेवला.
मग उचलला.

शेजारची बाई पिशवीकडे पाहत होती.
"काही जित्तं हाये का जी त्याच्यात?"
"तंबोरी," म्हटलं.
तिनं पाय वर घेतले,
पदर आवरला,
आणि सरकून जागा करून दिली.